दुसरा तूसाँ

श्रोते हो, तूसाँ हे नाव उच्चारले की इतिहास वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे एकच मूर्ती उभी राहते. सेनापतीच्या पोशाखातला, कमरेला तलवार लावलेला, घोड्यावर स्वार झालेला एक काळा पुरुष. तूसाँ लूव्हेर्तूर त्याचे नाव. तो गुलाम म्हणून जन्मला, सेंट डोमिंगोतल्या गुलामांच्या बंडाचा पुढारी झाला, स्पॅनिश, इंग्रज आणि फ्रेंच अशा तिन्ही फौजांशी झुंजला, आणि शेवटी दग्याने पकडला जाऊन ७ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधल्या एका थंडगार डोंगरी किल्ल्यात कैदी म्हणून मरण पावला. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, १ जानेवारी १८०४ या दिवशी, त्याचा देश स्वतंत्र झाला आणि हैती हे जुने नाव त्या देशाला पुन्हा मिळाले.

आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे तो मात्र हा तूसाँ नव्हे. तो दुसरा. त्याच भूमीवर, त्याच काळात, गुलाम बाईच्याच पोटी जन्मलेला. त्याच्या हातात तलवार कधी आली नाही. आली ती फणी, आणि केस कुरळे करण्याचा तापवलेला चिमटा. त्याने राज्य उलथवले नाही. एक घर उभे केले, एवढेच. पण ते घर त्याला कोणी दिले नव्हते. घरातल्या माणसांचे स्वातंत्र्य त्याला अक्षरशः पैसे मोजून घ्यावे लागले. अशा माणसाला इतिहासात जागा द्यावी की नाही, हे माझे बोलणे संपल्यावर तुम्हीच ठरवा.

ह्या माणसाचे नाव पिएर तूसाँ. त्याचा जन्म १७६६ मध्ये झाला असे जुनी चरित्रे सांगतात. अलीकडचे काही अभ्यासक तो १७८१ च्या सुमाराचा धरतात. जन्माचे गाव म्हणावे तर गाव नव्हेच. तो एक उसाचा मळा होता. सेंट मार्क या बंदराजवळ, आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यात बेरार नावाच्या फ्रेंच कुटुंबाची मोठी जमीन होती, तिथला हा गुलाम.

सेंट डोमिंगो म्हणजे त्या वेळी काय चीज होती, हे थोडे सांगायला हवे. एका मोठ्या बेटाचा हा पश्चिमेकडचा भाग, आकाराने बेटाचा तिसरा हिस्साही पुरता नव्हे. पण फ्रान्सच्या सगळ्या वसाहतींत श्रीमंत हीच. युरोपात लोक चहाकॉफीत जी साखर घालीत, तिचा फार मोठा वाटा इथून जाई. आणि कॉफीही निम्म्याहून अधिक इथलीच. १७८९ च्या सुमारास इथे गोरे लोक तीस हजारांच्या आसपास होते आणि गुलाम जवळजवळ पाच लाख. म्हणजे एका गोऱ्यामागे पंधरासोळा गुलाम. ती साखर किती गोड होती ते तिकडच्या लोकांना ठाऊक. तिच्यासाठी माणसे मात्र इतक्या भराभर मरत की आफ्रिकेतून दरवर्षी हजारोंनी नवी आणावी लागत.

अशा ठिकाणी गाणेबजावणे कुठून असणार, असे तुम्ही म्हणाल. पण होते. दिवसभर उसात राबलेली माणसे रात्री झोपड्यांपुढे ढोल बडवीत आणि नाचत. कालेंदा नावाचा त्यांचा एक नाच होता. भोपळ्याला तारा लावून केलेले बांझा नावाचे वाद्य असे. गुलामांनी जमाव करू नये असा १६८५ पासून फ्रेंच कायदा होता, पण ढोल काही थांबला नाही. मालकांच्या वाड्यांत दुसरे संगीत चाले, व्हायोलिनचे आणि फ्रेंच नाचांचे. बंदरांच्या गावांत नाटकगृहेही होती. पिएर हा मळ्यातला गुलाम नव्हता, वाड्यातला होता. त्याची आजी झेनोबी आणि आई उर्सूल ह्या दोघी मालकाच्या घरातच कामाला. त्यामुळे दोन्ही आवाज ह्या पोराच्या कानावर पडले. वाड्यातल्या पुस्तकांजवळ त्याला कोणी हटकले नाही, म्हणून तो लिहायला-वाचायलाही शिकला. त्याला लहानपणी पाहिलेल्या एका माणसाने पुढे आठवण सांगितली ती अशी, की अंगात लाल जाकीट घातलेला, उत्साहाने फसफसणारा, नाच आणि संगीत म्हटले की जीव टाकणारा तो एक मुलगा होता.

हे लाल जाकीट आपण लक्षात ठेवू या. कारण ह्यापुढची पिएर तूसाँची चित्रे काळ्या कोटातली आहेत.

अठरावे शतक संपत आले तसे सेंट डोमिंगोचे आभाळ भरून येऊ लागले. ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडच्या मळ्यांत बंडाचा भडका उडाला आणि उसाचे फड पेटले. धनी लोक जहाजे गाठून पळू लागले. जाँ बेरार हा पिएरचा तरुण मालक. तो आपल्या बायकोला घेऊन न्यूयॉर्कला आला. बरोबर पाच गुलाम होते. त्यांत पिएर होता, त्याची धाकटी बहीण रोझाली होती आणि मावशी होती. थोडे दिवस परदेशात काढू, गडबड शांत झाली की घरी परत जाऊ, असा त्या नवराबायकोचा हिशेब होता. पिएरला काही कसब असावे म्हणून बेरारने त्याला शहरातल्या एका केशभूषा करणाऱ्याच्या हाताखाली ठेवले.

मग फासे उलटे पडले. जमिनीचे काही वाचते का हे पाहायला बेरार एकटाच सेंट डोमिंगोला गेला आणि तिथेच छातीच्या दुखण्याने वारला. न्यूयॉर्कमधल्या ज्या पेढीत त्याने पैसे गुंतवले होते ती पेढी बुडाली. विशीतली विधवा, परका देश, परकी भाषा आणि दारात उभे राहणारे सावकार. एके दिवशी तिने पिएरला बोलावले, आपले दागिने त्याच्या हातात दिले आणि म्हणाली, चाळीस डॉलरचे देणे आहे, हे विकून ये. काही दिवसांनी पिएरने तिच्यापुढे दोन पुडकी ठेवली. एकात चाळीस डॉलर होते. दुसऱ्यात तिचे दागिने, जसेच्या तसे.

ते पैसे त्याच्या फणीचे होते. त्या काळी श्रीमंत घरच्या बायकांच्या केसांचे मनोरे रचायचे असत. पावडर, फिती, फुले, खोटे केस यांचा सगळा डोलारा. ज्याच्या हाताला हे कसब आहे त्याला दिवसाचे तास पुरत नसत. आपल्याकडे पूर्वी न्हावी घरोघर जाई, ओसरीवर बसून काम करी आणि चार घरच्या बातम्याही ओघात कळत. पिएरही असाच घरोघर जाई. शहरातल्या बड्या बड्या बायका आरशापुढे बसून त्याच्याजवळ मन मोकळे करीत. पण एका घरची गोष्ट त्याच्या तोंडून दुसऱ्या घरी कधी गेली नाही. कोणी फारच खोदून विचारले तर तो म्हणे, मी केस विंचरतो, बातमीपत्र छापत नाही. अशा अर्थाचे त्याचे उत्तर ठरलेले असे.

आता ह्याच्या आयुष्यातला सर्वांत अवघड भाग येतो. हा माणूस चांगले कमावत होता आणि तरी गुलामच होता. त्याच्या कमाईवर त्याच्या मालकिणीचा संसार चालत होता. गंमत म्हणजे तिला ते कळूही नये अशी त्याची धडपड. ती उदास दिसली की तो म्हणे, बाईसाहेब, चार ओळखीची माणसे बोलवा. आमंत्रणे तोच पोचवी, फळे आणि आइस्क्रीम तोच आणी, आणि संध्याकाळी तिच्या केसांत खोवायला एखादे फूलही. पुढे तिने दुसरे लग्न केले. हा नवरा गाब्रिएल निकोला. तोही सेंट डोमिंगोचाच, देशोधडीला लागलेला. एके काळचा सुखवस्तू माणूस न्यूयॉर्कमध्ये वादक बनून नाटकगृहाच्या वाद्यवृंदात वाजवी. त्याच्या वाजवण्यावर घर चालेना. तेव्हा त्या वादकाच्या घराचाही भार पिएरनेच उचलला.

तुमच्या मनात प्रश्न आलाच असेल. ह्याने पैसे साठवून आधी स्वतःची सुटका का केली नाही? असेच पळून का गेला नाही? तिकडे त्याच्या नावाचा एक माणूस अख्ख्या गुलामांना शृंखला तोडायला शिकवतो आहे आणि हा मालकिणीसाठी फुले आणतो आहे, हे काय?

पिएर पैसे साठवीत होता, पण ते बहिणीसाठी. रोझालीची सुटका आधी, असे त्याने मनाशी धरले होते. आणि मालकिणीबद्दल म्हणाल, तर ज्या मुलखातून तो आला तिथे माणसाने माणसाचे काय केले ते त्याला ठाऊक होते. दोन्ही बाजूंनी केलेले. पुढे म्हातारपणी त्याला कोणीतरी विचारले, गुलामगिरी मोडणाऱ्या चळवळ्यांच्या पक्षाचे तुम्ही आहात का? तेव्हा तो शहारला, आणि ह्या लोकांनी माझ्यासारखे रक्त वाहताना पाहिलेले नाही, अशा अर्थाचे काहीतरी बोलला. हे उत्तर आपल्याला आवडो वा न आवडो, ते भेकडाचे नव्हे. शहरात पिवळ्या तापाची साथ आली, लोक घरे सोडून पळाले, पोलिसांनी रस्त्यावर अडसर घातले, तेव्हा तो अडसर ओलांडून टाकलेल्या रोग्यांची सेवा करायला हाच माणूस जात असे.

मालकीण खंगत गेली. २ जुलै १८०७ रोजी, मरणाच्या दारात असताना, तिने रीतसर कागद करून पिएरला मुक्त केले. आयुष्याची इतकी वर्षे दुसऱ्याच्या मालकीची गेली, आणि आता तो स्वतःचा झाला.

मोकळ्या माणसाने पहिले काय केले असेल? १८११ साली त्याने दोन माणसे सोडवली. एक बहीण रोझाली. आणि दुसरी ज्यूलिएत नोएल. तीही हैतीकडची, तीही गुलाम. त्याच वर्षी ५ ऑगस्टला त्याने ज्यूलिएतशी लग्न केले. आपण लग्नात देणेघेणे म्हणतो. इथे नवऱ्याने नवरीला जे दिले ते तिचे स्वतःचे अंग. मालक म्हणून विकत घेतले नाही, मोकळे केले, आणि मग मागणी घातली. काही वर्षे हे जोडपे निकोलाच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहिले. खाली मालकिणीचा वादक नवरा, वर तिचा पूर्वीचा गुलाम आणि त्याची बायको. न्यूयॉर्कमध्ये त्या काळी अशी माडी दुसरी नसावी.

त्यांना मूल झाले नाही. पण मूल त्यांच्या घरी आले, ते दुःखाच्या वाटेने. रोझालीचे लग्न झाले आणि नवरा तिला सोडून गेला. १८१५ मध्ये तिला मुलगी झाली, युफेमिया. रोझालीला क्षय होता. ती गेली तेव्हा हे पोर तान्हेच होते आणि इतके अशक्त की जगेल असे कोणाला वाटेना. मामा आणि मामीने तिला उचलले.

मराठी श्रोत्यांना मामा ह्या शब्दाचा अर्थ समजावून सांगायला नको. इंग्रजीत काका आणि मामा यांना एकच शब्द, फ्रेंचातही तेच. पण पिएर तूसाँ हा ह्या मुलीचा अस्सल मामा होता, आणि लौकरच तो तिचा बापही झाला. मोकळी हवा लागली तर पोर जगेल, म्हणून तो रोज तिला कडेवर घेऊन बाहेर पडे. जिथे समुद्राचा वारा येतो तिथे घेऊन जाई. दिवसभर घरोघरी पायपीट करणारा माणूस आणि खांद्यावर ही एवढीशी मुलगी. पायपीट अशासाठी म्हटले, की पुढे शहरात घोड्यांच्या गाड्या सुरू झाल्या तेव्हाही काळ्या माणसाला त्यांत बसू देतील याचा भरवसा नव्हता. पिएरच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, १८५४ मध्ये, एलिझाबेथ जेनिंग्ज नावाच्या काळ्या शिक्षिकेला अशाच गाडीतून ओढून बाहेर काढण्यात आले. तिने खटला भरला, जिंकला, आणि मगच ही गोष्ट बदलू लागली. तोवर आमचा पिएर चालतच होता.

युफेमिया जगली. अंगाने नाजूक राहिली, पण बुद्धीने चलाख निघाली. मामाने तिच्या शिक्षणात काही कमी केले नाही. लिहिणे, वाचणे, इंग्रजी, फ्रेंच आणि संगीत. लाल जाकीट घालून नाचणाऱ्या पोराला जे नुसते कानाने मिळाले होते, ते आपल्या लेकीला शिक्षक ठेवून, बसून, सुरांची नावे घेत मिळावे, अशी त्याची हौस. हे लक्षात घ्या की त्या वेळी न्यूयॉर्क संस्थानात गुलामगिरी अजून कायद्याने पुरती गेली नव्हती; ती शेवटची संपली ४ जुलै १८२७ ला. आणि इथे एका पूर्वीच्या गुलामाच्या घरात, एका गुलाम म्हणून जन्मलेल्या बाईची मुलगी संगीत शिकत होती. नाटकगृहात निकोला पोटासाठी वाजवीत होता, हैतीच्या मळ्यावरचा गुलाम दुःख विसरण्यासाठी ढोल बडवीत होता. ही मुलगी मात्र कशासाठीच नव्हे, केवळ आनंदासाठी शिकत होती. घराला घरपण येते ते अशाच गोष्टींनी, नाही का?

ह्या शिक्षणात मामाने एक पद्धत घातली होती. दर आठवड्याला युफेमियाने मामाला पत्र लिहायचे. एकाच घरात राहून! एक इंग्रजीत, एक फ्रेंचात. काय शिकले, कोण आले, कुठे गेलो, असे सगळे त्यात असे. पोरीने लिहायचे आणि दिवसभर दमून आलेल्या मामाने वाचायचे. ही पत्रे त्याने एकही टाकली नाहीत. पिएर तूसाँची सारी कागदपत्रे आज न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. त्यांत मोठमोठ्या लोकांची पत्रे आहेत, पॅरिसहून बेरार घराण्यातल्या त्याच्या धर्ममातेने लिहिलेली आहेत, हैतीहून मदत मागणारी आहेत, आणि त्यांतच ही शाळकरी पत्रेही आहेत. इतिहासाच्या दप्तरात बहुधा तहनामे आणि जमाखर्च सापडतात. एका मुलीने आपल्या मामाला वर्षानुवर्षे दर आठवड्याला काय सांगितले, हे क्वचितच हाती लागते.

ह्या घराची तीन चित्रेही आहेत. १८२५ च्या सुमारास अँथनी म्यूची नावाच्या चित्रकाराने हातात मावतील एवढ्या आकाराची ही चित्रे काढली. एकात पिएर, एकात ज्यूलिएत, एकात युफेमिया. ज्यूलिएतच्या डोक्याला बेटांवरच्या बायका बांधीत तसा रुमाल आहे. त्या बेटांवर असे रुमाल बांधायला जे चौकटीचे कापड आवडीने वापरीत त्याला म्हणत मद्रास, कारण ते आपल्याकडच्या मद्रासेहून समुद्रापलीकडे जाई. कुठला विणकर आणि कुठले ते डोके! पण जगाचा व्यापार असाच चाले. त्याच जहाजांच्या वाटांवरून कापड जाई, साखर जाई आणि माणसेही विकायला जात.

सुटीच्या दिवशी मामा-भाची मिळून एक काम करीत. खाऊ घेऊन अनाथाश्रमातल्या मुलांकडे जायचे. तो आश्रम गोऱ्या मुलांचा. त्याच्यासाठी पिएर आपल्या श्रीमंत गिऱ्हाइकांकडून वर्गणी गोळा करून देई. शिवाय त्याच्या स्वतःच्या घरात कोणी ना कोणी पोरका काळा मुलगा राहत असेच. त्याला शाळेत घालायचे, एखादा धंदा शिकवायचा, कामाला लावायचे, मग दुसरा आणायचा. ज्यूलिएत ह्या सगळ्यांना जेवू घाली. नवऱ्याने केलेल्या पुण्याची भांडी शेवटी बायकोच घासते, हे जगात सगळीकडे सारखेच असावे. पण ती नुसती सोसणारी नव्हती. घर तिच्या शब्दाने चाले.

मग १८२९ साल उगवले. आईला जो रोग झाला होता तोच मुलीला झाला. मामाने सगळे उपाय केले, दिवसभर तिच्या उशाशी बसून राहिला. चौदा वर्षांची होऊन युफेमिया गेली.

ह्या माणसाने मालक पाहिला, मालकीण पाहिली, साथीतले रोगी पाहिले, स्वतःची बहीण पाहिली. पण हे त्याला सोसले नाही. तो वाळत गेला, माणसांत जाईनासा झाला, कोणी समजूत घातली तरी ती त्याच्यापर्यंत पोचेना. ज्याने तापातल्या परक्यांना धीर दिला त्याला धीर द्यायला कोणापाशी शब्द नव्हते. त्या घरातले संगीत थांबले, दर आठवड्याचे पत्र थांबले. असे म्हणतात की वेळ हे औषध आहे. पण पिएरच्या बाबतीत ते औषध म्हणजे काम झाले. हळूहळू तो पुन्हा फणी घेऊन बाहेर पडला, पुन्हा खाऊची पिशवी घेऊन अनाथाश्रमात जाऊ लागला. आता एकटाच.

१८३५ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला मोठी आग लागली. जवळजवळ सातशे इमारती जळाल्या आणि विमा कंपन्या बुडाल्या. पिएरची साठवण त्यांतल्या भागांत होती, तीही गेली. मित्र म्हणाले, आपण वर्गणी काढून तुला भरून देऊ. तो म्हणाला, माझ्याहून गरजू पुष्कळ आहेत, त्यांना द्या. पुढे कोणीतरी म्हणाले, आता तुझ्यापुरते आहे, काम सोड, आराम कर. त्यावर त्याचे म्हणणे असे की माझ्यापुरते आहे खरे, पण मी थांबलो तर दुसऱ्यांपुरते राहणार नाही.

एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण तो सांगितला नाही तर ही सारी गोष्ट फार गोड वाटेल. पिएर धर्माने कॅथलिक. पन्नासांहून अधिक वर्षे रोज पहाटे बार्क्ले स्ट्रीटवरच्या सेंट पीटर चर्चमध्ये प्रार्थनेला जायचा त्याचा नेम. सेंट पॅट्रिकचे कॅथेड्रल बांधले तेव्हा त्यासाठी पैसे गोळा करणाऱ्यांत तोही होता. १८४२ साली नवराबायको त्याच कॅथेड्रलमध्ये गेली आणि दारावरच्या माणसाने त्यांना जागा दाखवायचे नाकारले. का? काळे म्हणून. नंतर विश्वस्तांच्या अध्यक्षांनी पत्र लिहून क्षमा मागितली. पण वयाची इतकी वर्षे सचोटीने काढून, हजारो डॉलर दुसऱ्यांसाठी जमवून, उंबरठ्यावर त्याला पहिले दिसले ते कातडे. पिएर काही बोलला नाही. आपल्याला राग येतो, येऊ द्यावा.

ज्यूलिएत १४ मे १८५१ रोजी वारली. त्यानंतर दोन वर्षांनी, ३० जून १८५३ ला, पिएरही गेला. तो आला तेव्हा न्यूयॉर्क लहान गाव होते. १७९० च्या खानेसुमारीत सुमारे तेहतीस हजार माणसे. तो गेला तेव्हा ते पाच लाखांच्या वर गेले होते. ह्या वाढत्या शहरात तो गुलाम होऊन आला आणि त्याच्या प्रेताबरोबर गोरे आणि काळे, श्रीमंत आणि भिकारी, सगळे चालत गेले. मॉट स्ट्रीटवरच्या जुन्या स्मशानात त्याला पुरले. जागा कोणती? ज्यूलिएत आणि युफेमिया यांच्याशेजारी. तिघांचे घर पुन्हा एकत्र झाले.

दुसऱ्याच वर्षी, १८५४ मध्ये, हॅना ली नावाच्या बाईने बॉस्टनहून त्याचे छोटेसे चरित्र प्रसिद्ध केले. तिची बहीण, मेरी ॲना स्कायलर, ही पिएरच्या गिऱ्हाइकांपैकी आणि त्याची फार मोठी चाहती. ती त्याला थट्टेने आणि खरेपणाने संत पिएर म्हणे. म्हणजे ज्या आरशापुढे तो उभा राहून केस विंचरीत असे, त्या आरशातून त्याला कोणीतरी नीट पाहत होते. लाल जाकिटाची आठवणही आपल्याला ह्याच पुस्तकामुळे मिळाली.

थट्टेतला तो शब्द पुढे औपचारिकपणे उच्चारला गेला. १९९० मध्ये त्याच्या अस्थी काढून फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या नव्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलच्या तळघरात नेल्या. तिथे तोवर शहराचे बडे धर्मगुरूच पुरले जात. जुन्या सेंट पॅट्रिकच्या दारातून परतवलेला माणूस नव्या सेंट पॅट्रिकच्या पायाशी कायमचा निजला. १९९६ मध्ये रोमहून त्याला पूज्य ही पदवी मिळाली. संतपदाच्या वाटेवरची ती एक पायरी. त्या वेळी काही काळ्या लोकांनीच आक्षेप घेतला. ते म्हणाले, मालकिणीची सेवा करणारा नम्र गुलाम आमच्या मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवू नका. ठेवायचाच तर लढणारा तूसाँ ठेवा.

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. लढणारा तूसाँ नसता तर हैती मोकळी झाली नसती. आणि नम्रपणाची शिकवण नेहमी गुलामालाच का द्यायची, मालकाला का नाही, हा प्रश्न खरा आहे. पण म्हणून दुसऱ्या तूसाँचे आयुष्य लहान ठरत नाही, असे मला वाटते. गुलामगिरी माणसाकडून काय काय काढून घेत असे? मजुरी घेत असे, हे तर झालेच. पण त्याहून मोठी लूट म्हणजे नवरा असणे, बाप असणे, भाऊ असणे. गुलामाची बायको त्याची नसे, पोर त्याचे नसे. कोणीही कधीही विकून टाकावे. पिएर तूसाँने हीच लुटलेली नाती एकेक करून परत मिळवली. भाऊ म्हणून बहिणीला सोडवले, नवरा म्हणून बायकोला, आणि बाप म्हणून एका मरू घातलेल्या पोरीला चौदा वर्षे जगवले, शिकवले आणि तिला संगीत दिले. एका तूसाँने साखळी तोडली. दुसऱ्याने ती तुटल्यावर माणसाने काय करायचे ते करून दाखवले.

त्याच्यापाशी लढाईच्या विजयाची तारीख नाही. त्याच्यापाशी तीन चिमुकली चित्रे आहेत आणि आपल्या मामाला लिहिलेल्या पत्रांचा एक गठ्ठा. त्या गठ्ठ्याला इतिहास म्हणायचे की नाही, हे मी सुरुवातीला तुमच्यावर सोपवले होते. ते तसेच तुमच्यावर ठेवून मी आपली रजा घेतो.